मंगळवारी खाली ठेवलेली प्लेट

हर्नडन,
९ जुलै २००६

चि. दीक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोन तू उचलत नाहीस. ई-मेल वाचतेस की न वाचता डिलीट करतेस, कळायला मार्ग नाही. म्हणून शेवटी हातानं लिहायला बसलो. अक्षर लागलं नाही तर बाबांना विचार, ते तुझ्यासमोरच बसले असतील.

मला एवढंच सांग, बाबांना माझ्या घरातून न्यायची ही कुठली रीत? बुधवारी ऑफिसातून आलो तर घरात बाबा नाहीत, सुमित्रा नाही, दारात गाडी नाही. ओट्यावर सुमित्राची चिठ्ठी, की बाबांना स्टेट कॉलेजला सोडायला जातेय, डाळ फ्रीजमध्ये आहे. सहा महिन्यांसाठी आलेला माझा बाप दोन महिन्यांत माझ्या घरातून उठून गेला आणि मला डाळीचा पत्ता मिळाला!

तुला एकच बाजू ऐकवली गेली असणार, म्हणून काय झालं ते मी सांगतो. चार जुलैला मी नेहमीप्रमाणे पोर्क शोल्डर स्मोक करायला घेतला. गेली तीन वर्षं इथल्या आपल्या मराठी ग्रुपात राकेशचं पुल्ड पोर्क हा ठरलेला आयटम आहे, तुला माहीतच आहे. मंडळाच्या पिकनिकलासुद्धा लोक आधी माझा ट्रे कुठे आहे ते बघतात. उजाडायच्या आत कोळसे पेटवले, हिकरीची लाकडं टाकली. बाबा माझ्याबरोबर उठले आणि बॅकयार्डात खुर्ची टाकून बसले. धूर डोळ्यांत जात होता तरी हलले नाहीत.

दुपारी आतलं टेंपरेचर एकशे साठला येऊन अडकलं. दरवेळी अडकतं. शेजारचा वेंडेल नॉर्थ कॅरोलायनाचा. तो कुंपणावरून ओरडला, की फॉइलला हात लावू नकोस, फॉइल म्हणजे कुबडी, वरची खरपूस साल पार मऊ पडते. पण पाहुणे चारला येणार होते. मी गुंडाळला. बाबांनी विचारलं, हे अडकतं कशानं? मी तू सांगितलेलं सांगितलं, की मांसाला घाम सुटतो, तो उडताना गारवा येतो, अगदी आपल्या नागपूरच्या कूलरसारखा. फॉइलनं घाम उडणं थांबलं की गाडी पुढे सरकते. बाबा म्हणाले, म्हणजे या डुकरानं आत कूलर लावलाय म्हण की! आणि इतके हसले, दीक्षा. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

मग लोक आले. शंतनू आणि आश्लेषा, गुरुनाथकाका आणि अहिल्याकाकू. सगळ्यांनी प्लेटी भरून घेतल्या. गुरुनाथकाका आमच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांनी सहज बाबांना विचारलं की वानखेडे म्हणजे कुठले. मी म्हटलं, अमरावतीकडचे. त्यात खोटं काय? आजोबांचं गाव तिकडचंच. तर बाबांनी सुरुवात केली. आम्ही नागपूरच्या इंदोऱ्याचे, बौद्ध, याच्या आजीच्या हातचं डुकराचं मटण साऱ्या वस्तीत नावाजलेलं होतं, वगैरे. हे कुणी विचारलं होतं का? वातावरण बिघडलं. अहिल्याकाकूंना आठवलं की आज मंगळवार आहे आणि मंगळवारी त्या मांस खात नाहीत. मग आश्लेषालाही आठवलं. प्लेटी खाली गेल्या. पण कुणी वावगं बोललं नाही, हे लक्षात घे. सगळे नीट गप्पा मारून, आइस्क्रीम खाऊन गेले.

शंतनू माझ्या प्रोजेक्टचा मॅनेजर आहे. ग्रीन कार्डची फाइल अजून कंपनीच्या हातात आहे. तू तिथे लॅबमध्ये बसून तत्त्वं पाळ, यार, तुला कोण अडवतंय. मला इथे रोज याच लोकांबरोबर कारपूल करायचं असतं.

बाबांना परत पाठव. माझा लोभ आहेच. तुझा उरलाय का, ते कळव.

तुझा,
दादा


स्टेट कॉलेज,
१४ जुलै २००६

ती. दादास सविनय जय भीम, वि. वि.

हो, जय भीम. आपल्या घरात पत्र कसं सुरू करायचं ते बाबांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर शिकवलं होतं. तुझ्या पत्राच्या माथ्यावर नुसते उत्तम आशीर्वाद बघून मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं पाकीट आलं.

आधी एक गोष्ट सरळ करते. बाबांनी मला एक शब्द सांगितलेला नाही. गाडीतून उतरले, मी विचारलं अचानक कसे आलात, तर म्हणाले, तिथे धूर फार होता. बस. सांगितलं ते सुमित्रावहिनीनं. त्यामुळे तुझ्या पत्रात तू काय गाळलंस ते मला नेमकं माहीत आहे.

बाबा बोलले, प्लेटी खाली गेल्या, इथपर्यंत तू सगळं लिहिलंस. मधलं कुठे गेलं? बाबा बोलल्यावर तू मोठ्यानं हसलास. गुरुनाथकाकांकडे बघून इंग्रजीत म्हणालास की ही इज किडिंग, माझ्या बाबांना अशा थट्टा करायची सवय आहे. चौघं हसले. बाबा उठून आत गेले आणि रात्री जेवले नाहीत. हे तू लिहिलं नाहीस. पेन थांबलं का तुझं, की तेवढं आठवलंच नाही?

आणि फोटो? त्या दिवशी सकाळी, बाबा बाहेर तुझ्या धुरात बसलेले असताना, तू हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काढून वर क्लॉझेटमध्ये ठेवलास. बुद्धाची मूर्ती मात्र जागच्या जागी राहिली. तिला कोण नको म्हणेल! तुझ्या पाहुण्यांच्या घरी पण एकेक असेल, कुंडीशेजारी. बाबा हात धुवायला आत आले तेव्हा त्यांना भिंतीवर रिकामा खिळा दिसला. तरीही ते बाहेर येऊन बसले, पाहुण्यांना नमस्कार केला. नंतर ते बोलले ते का बोलले, हे आता तरी तुझ्या डोक्यात शिरतंय का?

त्या मंगळवाराचं मला भारी कौतुक वाटलं. मागच्या डिसेंबरात, नाताळनंतर दोन दिवसांनी, तू शंतनूच्या वाढदिवसाला आख्खा शोल्डर घेऊन गेला होतास. मला फोटो पाठवले होतेस. अहिल्याकाकूंच्या हातात बन होता आणि त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं, असं तूच कौतुकानं लिहिलं होतंस. मी कॅलेंडर काढून बघितलं. मंगळवार होता, दादा.

लॅबमध्ये बसून तत्त्वं पाळ म्हणतोस. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या रूममेटनं विचारलं होतं, तुझं आडनाव वानखेडे म्हणजे तुम्ही मराठा का? मी सांगितलं. त्यानंतर तिनं आपली भांडी वेगळ्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. वर्षभर त्या कपाटासमोर उभं राहून मी चहा केला. माझं स्टायपेंड, माझा व्हिसा, माझा गाइड, सगळं मलाही होतंच. भीती तुला एकट्याला दिलेली नाही.

बाबा बरे आहेत. माझ्या खोलीत झोपतात, मी बाहेर सोफ्यावर. सकाळी माझ्याबरोबर कॅम्पसच्या बसनं येतात आणि लायब्ररीत पेपर वाचत बसतात. त्यांना परत पाठवायला ते पार्सल नाहीत. त्यांना यायचं असेल तर येतील, आणि त्यांना यायचं नाहीये.

रागावलेली, आणि रागावली नसती तर लिहिलंच नसतं अशी,
तुझी बहीण,
दीक्षा


स्टेट कॉलेज,
२३ जुलै २००६

चि. राकेश यास जय भीम.

मी लिहिणार नव्हतो. दीक्षाचं पत्र गेल्यावर तू तिला फोन केलास आणि म्हणालास की बाबांना समजत नाही, इथलं जग वेगळं आहे. ती लपवत होती, पण मी शेजारीच होतो. म्हणून लिहितो.

जग वेगळं आहे हे मी दोन महिने पाहिलं. रस्ते रुंद आहेत. तुझं घर मोठं आहे, आणि ते तू स्वतःच्या बुद्धीनं मिळवलंस, याचा मला अभिमान होता. पण वानखेडे म्हणजे कुठले, हा प्रश्न मी तिथे ऐकला तेव्हा मला काहीच वेगळं वाटलं नाही. तो मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ गाव कुठलं, असा कधीच नसतो. तुलाही तो अर्थ कळला होता. कळला नसता तर तू इतक्या घाईनं अमरावती म्हणाला नसतास.

पाटबंधारे खात्यात लागलो तेव्हा माझी पहिली बदली एका तालुक्याच्या गावी झाली. एका गृहस्थांनी खोली दाखवली, बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मग हाच प्रश्न. माझंही आडनाव तेव्हा हेच होतं, राकेश. तिकडे दर दुसऱ्या घरात पाटील वानखेडे होते. एक शब्द बोललो असतो तर खोली मिळाली असती. मी खरं सांगितलं. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यासमोर अंगणात पालथा केला. मी ट्रंक उचलली आणि पुढचे तीन महिने ऑफिसच्या रेकॉर्डच्या खोलीत झोपलो. तुझी आई लग्न होऊन आली ती त्याच खोलीत. तिनं एकदाही विचारलं नाही की एवढं खरं बोलायची काय गरज होती.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला वाटलं तुम्हाला ते कधी लागणारच नाही.

मुलाला आपली लाज वाटते हे कळल्यावर माणूस ते गिळतो. पुष्कळ बापांनी गिळलं असेल. मला चीड त्याची नाही. मी शुद्धीत, माझ्या तोंडानं, माझ्या आईचं नाव घेऊन बोललो आणि तू त्याचा विनोद करून टाकलास. मला माझ्याच मुलाच्या अंगणात थट्टेखोर म्हातारा केलंस. तो खोलीचा मालक बरा होता. तो निदान माझं बोलणं खरं धरून चालला.

दीक्षानं माझं तिकीट बदलून घेतलं आहे. मी दोन ऑगस्टला निघतो. ती मला नेवार्कला सोडेल. तू विमानतळावर येऊ नये.

सुमित्राला आशीर्वाद. तिनं चार तास गाडी चालवून मला इथे आणलं आणि वाटेत एकही प्रश्न विचारला नाही.

दादाराव


हर्नडन,
२२ ऑगस्ट २००६

प्रिय दीक्षास सप्रेम जय भीम, वि. वि.

बाबा सुखरूप पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. बरं वाटलं. बाकी इथे बरं वाटावं असं काही नाही, पण तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पहिली गोष्ट, तुझा दादा विमानतळावर गेला नाही. बाबांनी येऊ नको लिहिलं म्हणून खरंच गेला नाही! मी म्हटलं, लहानपणापासून बाबांचं एवढं एकच ऐकलंस का रे? मला जायचं होतं तर गाडी सर्व्हिसिंगला टाकून आला. आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरतं बोलले.

मग मंडळाच्या पिकनिकची मेल आली. दोन सप्टेंबरला आहे. गुरुनाथकाकांनी सगळ्यांना लिहिलं होतं की यंदा सर्वांच्या सोयीसाठी जेवण पूर्ण शाकाहारी ठेवत आहोत, राकेशनं दरवर्षी घेतलेल्या मेहनतीबद्दल आभार. तुझ्या दादाचा चेहरा उजळला. मला म्हणाला, बघ, किती नीट लिहिलंय, उगाच तुम्ही सगळे त्यांना वाईट ठरवत होतात. मी पोळ्या लाटत होते, मी लाटतच राहिले.

गेल्या शनिवारी मला इंडियन ग्रोसरीत राधिका भेटली. तू तिला ओळखत नाहीस. मंडळाच्या कमिटीत आहे, एकटी राहते, गणपतीत आरतीला तिचा आवाज सगळ्यांत वर असतो. मी आपलं सहज म्हटलं, यंदा तुमचं काम हलकं झालं, सगळं व्हेज. ती कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की व्हेज नाहीये वहिनी, पुल्ड पोर्क आहेच, यंदा दुकानातून मागवलंय. आणि जुडी न घेताच निघून गेली.

घरी येऊन सांगितलं तर याचा विश्वास बसेना. म्हणाला, राधिकाचा गैरसमज झाला असेल. मी म्हटलं, मग लाव शंतनूला फोन, आणि स्पीकरवर लाव. त्यानं लावला. शंतनू आधी हसला. मग म्हणाला, यार राकेश, तसं काही नाही, तुलाच त्रास नको म्हणून. मग म्हणाला, काही सीनियर लोकांना कम्फर्टेबल वाटत नाही, तुला तर माहितीय. दादानं विचारलं, काय माहितीय? तेव्हा तो म्हणाला की बाहेरून आणलं की कसं, स्वच्छतेचा प्रश्नच येत नाही.

दीक्षा, स्वच्छता! या माणसानं माझ्या किचनमध्ये उभं राहून बोटांनी मांस खाल्लंय. हाडाला चिकटलेलं सुरीनं खरवडून नेलंय. माझ्या तोंडून पहिल्यांदाच अशी शिवी निघाली की मीच दचकले. ती त्याला ऐकू गेली असेल, आणि गेली असली तर बरंच झालं.

दादानं फोन ठेवला. बॅकयार्डात गेला, स्मोकरच्या जाळ्या बाहेर काढल्या आणि तारेच्या ब्रशनं घासत बसला. सगळी दुपार घासत होता. बोटं सोलली तरी थांबेना. मी त्याला हाक मारली नाही. वर जाऊन क्लॉझेटमधला फोटो खाली आणला आणि पुसून हॉलमध्ये त्याच्या जागी लावला. त्याला विचारलं नाही. तो आत आला, बघितलं, आणि हात धुवायला गेला.

पुढे काय करणार आहे, माहीत नाही. तू फोन उचल त्याचा. तुझ्या शिव्यांची त्याला गरज आहे, माझ्या संपत आल्या.

तुझ्यावर जीव असलेली,
सुमित्रा


हर्नडन,
१० सप्टेंबर २००६

ती. बाबांना सविनय जय भीम.

तुम्ही हे पत्र वाचाल की नाही, मला माहीत नाही. नाही वाचलंत तरी मी लिहिणार.

दोन तारखेला, शनिवारी, मंडळाची पिकनिक झाली. मला बोलावणं होतं, माझ्या हातच्या मांसाला नव्हतं. सुमित्रा म्हणाली जाऊच नको. दीक्षा फोनवर म्हणाली, जा आणि टेबल उलटं कर. मी शुक्रवारी सुट्टी टाकली आणि दोन शोल्डर लावले.

एकशे साठला अडकायचे तसे अडकले. वेंडेल कुंपणाशी आला आणि म्हणाला, आज फॉइल कुठाय? मी म्हटलं, आज घाई नाही. तो आत येऊन बसला. त्याला मी सगळं सांगितलं, बाबा. या देशात मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर ते त्याला. त्यानं स्मोकरमध्ये एक लाकूड सारलं. मग म्हणाला, त्याच्या लहानपणी गावातल्या बार्बेक्यूच्या दुकानात मांस भाजायला त्याचे काका होते, आणि काळे म्हणून काकांना बसून खायला त्या दुकानात जागा नव्हती. मागच्या दारानं कागदात बांधून मिळायचं. एवढं सांगून तो घरी गेला. मला तीन वर्षांत त्याला काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये पोचलो तेव्हा जेवणं सुरू झाली होती. दुकानाचे ट्रे टेबलावर उघडे होते. अहिल्याकाकूंच्या हातात बन होता. शनिवार, मारुतीचा वार, पण त्या दिवशी कुणाला वार आठवला नाही. मी माझा ट्रे शेजारी ठेवला. गुरुनाथकाका लगबगीनं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, आजचं जेवण अरेंज झालंय, हे गाडीत ठेवून ये, उगाच वाया जाईल.

त्या हातानं माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. मी घरी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो की माझं नाव राकेश दादाराव वानखेडे, आम्ही इंदोऱ्याचे, बौद्ध. माझ्या वडिलांनी थट्टा केली नव्हती, ते खरं बोलत होते आणि खोटारडा मी होतो. तीन वर्षं तुम्ही माझ्या हातचं बोटं चाटून खाल्लंत. मांस तेच आहे, लाकूड तेच आहे, हात हेच आहेत. मग बदललं काय, ते इथल्या एकानं तरी मोठ्यानं सांगावं.

कुणीतरी गाणी बंद केली. गुरुनाथकाका म्हणाले, आम्ही तर जात मानतच नाही, तूच आणतोयस. शंतनू म्हणाला, इंडियातलं पॉलिटिक्स इथे कशाला? मी म्हटलं, स्वच्छतेचा मुद्दा मोठ्यानं सांग ना सगळ्यांना. तो गाडीच्या किल्ल्या फिरवत राहिला. आश्लेषा रडायला लागली, की आम्ही इतकी वर्षं तुम्हाला घरचं मानलं आणि तुम्ही लपवलंत. बाबा, मी तिच्यावर आणखी मोठ्यानं ओरडलो, एवढंच.

मग राधिका आली. कमिटीतली मुलगी. रिकामी प्लेट घेऊन माझ्या ट्रेशी उभी राहिली आणि म्हणाली, वाढा. मी वाढलं. सगळे बघत होते. तिनं तिथेच उभ्यानं खाल्लं. मी थँक्स म्हणालो. तर ती माझ्याकडे इतक्या रागानं बघून बोलली की मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, मी लातूरची, मीही बौद्ध. मागच्या गणपतीत अहिल्याकाकू रिझर्वेशनवाल्या डॉक्टरांबद्दल काय बोलल्या आठवतंय? सगळ्यांत आधी तुम्ही हसलात. ते हसणं ऐकून मी ठरवलं की इथे आपलं कुणी नाही आणि तोंड उघडायचं नाही. माझं एक वर्ष तुमच्यामुळे तसं गेलं, दादा.

प्लेट खाली ठेवून ती निघून गेली. सुमित्रा तिच्या मागे गेली.

बाकीचं मांस परत आणलं. वेंडेलच्या घरी सगळ्यांनी खाल्लं, मला खाववलं नाही.

शंतनू आता माझ्याशी फक्त ई-मेलवर बोलतो. कारपूल बंद झालं. प्रोजेक्टवर किती दिवस ठेवेल, सांगता येत नाही. मला भीती वाटते, ती गेलेली नाही. रागही गेलेला नाही, त्यांच्यावरचा आणि माझ्यावरचा. पण निदान झोप लागते.

बाबा, मी चुकलो. शंभर माणसांसमोर तसं बोललो आहे. तुम्ही मला क्षमा करावी.

तुमचा,
राकेश


नागपूर,
२१ सप्टेंबर २००६

चि. राकेश यास जय भीम.

पत्र मिळालं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

राधिका या मुलीला माझा आशीर्वाद कळव. ती बोलली ते तुला लागलं असेल, तर लागू दे. तिच्याकडे जाऊन सारवासारव करू नकोस. तिचा राग खरा आहे आणि तो किती दिवस ठेवायचा ते तिचं ती ठरवेल. सुमित्रा तिच्या मागे गेली हे योग्य झालं. राधिकाला जेवायला बोलवत जा, तू गप्प बसून वाढत जा.

वेंडेल यांना माझा नमस्कार. मी तिथे असताना ते मला कुंपणावरून हात करायचे आणि मी हात करायचो, त्यापलीकडे आमची भाषा पोचली नाही. त्यांच्या काकांचं नाव काय होतं, ते विचारून मला कळव.

नोकरीचं म्हणशील, तर गेली तर दुसरी बघ. तुझ्या हातात विद्या आहे. गेली नाही तर त्या माणसासमोर रोज ताठ बसून काम कर, ते जास्त कठीण जाईल.

आता क्षमेबद्दल. तू शंभर माणसांत बोललास. चांगलं केलंस. पण ते तू त्यांना सांगितलंस, मला नाही. मला तू लिहून पाठवलं आहेस. तू माझ्या तोंडावर हसला होतास, राकेश, कागदावर नाही. त्या वेळी मी तुझ्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. तेवढ्याच अंतरावर येऊन काय ते बोल. कागदावरची क्षमा मी देणार नाही. दिली तर ती खोटी होईल, आणि आपल्या दोघांत खोटं पुरेसं झालं.

येत्या चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवरच्या त्या दिवसाला पन्नास वर्षं होतात. मी सोळा वर्षांचा होतो, माझ्या आईबरोबर त्या गर्दीत उभा होतो. यंदाही जाणार आहे. गुडघे साथ देतील तिथपर्यंत चालत. दीक्षाला परीक्षेमुळे जमत नाही. तुला सुट्टी मिळेल की नाही, शंतनू देईल की नाही, ते मला सांगू नकोस. तिकीट मिळेल तसा निघ. विमानतळावर मी येणार नाही, रिक्षा करून घरी ये. पुढची खोली झाडून ठेवायला सांगितली आहे.

माझा राग अजून तसाच आहे. तू आल्यावर पहिल्या दिवशी मी तुझ्याशी बोलेनच, असं नाही. तरी ये.

तुझा बाप,
दादाराव